मदुरेचें पाऊल

कांहीं रोगांच्या नांवांतच त्यांच्या गांवाचा पत्ता असतो. दक्षिणेंतील मदुरा शहराच्या नांवानें ओळखला जाणारा पायाचा विकार त्यांपैकींच एक होय. १८४२ सालीं तेथील दवाखान्यांतील डॉ. गिल यांनीं त्याचें वर्णन केलें; १८४६ मध्यें डॉ. कोलब्रुक यांनीं त्यास 'मदुरेचें पाऊल' असें म्हटलें. पाऊल सुजून बेढब होतें, त्यावर गांठी उठून त्यांना छिद्रें पडतात, आणि पुवाबरोबर काळे, पिवळे, पांढरे अथवा तांबडे कण बाहेर पडतात. प्रारंभीं वेदना फारशी नसते; म्हणून रोगी वर्षानुवर्षें तसाच चालत राहतो.

या कणांचें कोडें उलगडलें तें मुंबईंत. ग्रे यांच्या विख्यात शरीररचनाग्रंथाचीं चित्रें काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे ग्रँट मेडिकल कॉलेजांत अध्यापक होते. त्यांनीं हे कण सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून त्यांत बुरशीचे तंतू ओळखले. १८६० च्या सुमारास त्यांनीं रोगास 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गांठ, हें नांव दिलें आणि १८७४ सालीं त्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढें असें आढळलें कीं, सर्वच कण बुरशीचे नसतात. कांहीं बुरशीसारख्या तंतुमय जंतूंचे असतात. १९१३ सालीं पिनॉय यांनीं हे दोन वर्ग वेगळे केले. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. जंतुजन्य प्रकार जंतुनाशक औषधांनीं बहुधा बरा होतो. खऱ्या बुरशीस मात्र दीर्घकाळ औषध द्यावें लागतें, आणि पुष्कळदां शस्त्रक्रियाहि करावी लागते. फार उशीर झाल्यास पाऊलच गमवावें लागतें.

मग हा रोग कोणास गांठतो? बुरशी मातींत आणि कांट्यांवर असते. बाभळीचा कांटा रुतला कीं तिला वाट मिळते. म्हणून अनवाणी राबणारे शेतकरी, गुराखी व मजूर, त्यांतहि विशेषतः वीस ते चाळीस वर्षांचे पुरुष, यांस धोका अधिक. सूदान, मेक्सिको व भारत यांच्या कोरड्या प्रदेशांत तो विशेष दिसतो. तो माणसापासून माणसास लागत नाहीं. तेव्हां रोग्यास दूर ठेवण्याचें कारण नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं त्यास उपेक्षित रोगांच्या यादींत स्थान दिलें. मदुरेंत वर्णन झाल्यापासून तोंवर पावणेदोनशें वर्षें होत आलीं होतीं. ज्यांचें पोट पायांवर चालतें, त्यांच्याच पायांस तो धरतो. गांवाकडील आप्ताच्या किंवा बागेंतील माळ्याच्या पायावर न दुखणारी, पण न बसणारी गांठ दिसली, तर तिची वेळींच तपासणी करवावी. आणि कांटा रुतण्यापूर्वींचा उपाय तर एका वहाणेच्या जोडाएवढाच आहे.