गिटारवाल्याने गिटार बाजूला का ठेवली?

१९८२ साली एचएमव्हीने एक रेकॉर्ड काढली. नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’, कलाकार चरणजित सिंग. नावातच सगळं आलं: दहा राग, खाली डिस्कोचा ठेका, आणि सगळं काही यंत्रांवर वाजवलेलं. रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि परदेशी संगीतपत्रकारांनी एकच गिल्ला केला, की अ‍ॅसिड हाउस नावाचं संगीत शिकागोत नाही, त्याआधी पाच वर्षं मुंबईत जन्मलं! (शिकागोची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड १९८७ची.)

तुम्ही पेटची तयारी करत असाल, डोक्यात विषय घोळत असेल, तर इथे जरा थांबा. ‘पहिला कोण?’ हा प्रश्न बातमीसाठी छान आहे, प्रबंधासाठी लंगडा. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असा काही पुरावा पुढे आलेला नाही. दोन्हीकडे एकच यंत्र होतं, म्हणून आवाज सारखा आला, एवढंच ठामपणे म्हणता येतं. मला या रेकॉर्डमध्ये वेगळंच काही खटकलं. सिंग हे मूळचे गिटारवादक. सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत, शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे त्यांनी गिटार आणि बेस गिटार वाजवलेली. मग यंत्रांच्या गावाला जाताना हा माणूस गिटार घरी का ठेवून गेला?

यंत्रं तीन होती, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा पट्ट्यांचा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३. यातलं टीबी-३०३ कंपनीने विकायला काढलं होतं ते बेस गिटारवाल्याची जागा भरायला. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून. म्हणजे ज्याला हटवायला यंत्र बनवलं, त्याच बिरादरीतला माणूस त्यावर राग वाजवत बसला. शिवाय ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. तारवाद्य वाजवणाऱ्या माणसाला ती का भावली असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण गिटारच्या तारेने ही यंत्रं चालवायची सोय तेव्हा त्यांच्यात नव्हती. ८०८ आणि ३०३ एका पाच पिनांच्या वायरने जोडता यायची. त्या वायरमधून फक्त ‘सुरू’, ‘बंद’ आणि चालीचे टिचके जायचे. कोणता स्वर, किती जोरात, हे काही नाही.

बरोबर पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८३ मध्ये, अमेरिकेत वाद्यविक्रेत्यांच्या मेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरने जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजतोय. ही मिडी. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. गंमत म्हणजे प्लग तोच पाच पिनांचा, भाषा मात्र नवी. या भाषेत आवाज जातच नाही, हे नीट लक्षात घ्या. जातात ते निरोप. ‘अमुक चॅनेलवर, ६० नंबरचा स्वर, इतक्या जोरात सुरू.’ मग ‘तो बंद.’ स्वरांना ० ते १२७ असे नंबर.

आता हा निरोप कुणाच्या हाताचा आहे ते बघा. पट्टी दाबली, पट्टी सोडली. मिडी ही पट्ट्यांच्या वाद्याची मातृभाषा आहे. गिटारला ती परकी. गिटारची तार छेडली की सुरुवातीला नुसता खरखराट निघतो, मग स्वर स्थिरावतो, मग बोट तो वाकवतं, आणि तो कधी संपला हे कुणीच सांगू शकत नाही.

हे जमवायचे प्रयत्न मात्र झाले, आणि आधीपासून होत होते. रोलँडने १९७७ मध्येच जीआर-५०० नावाचा गिटार सिंथेसायझर काढला होता. १९८४च्या जीआर-७०० मध्ये मिडी आली. युक्ती अशी, की प्रत्येक तारेखाली वेगळा पिकअप लावायचा आणि यंत्राने तारेची कंपनं मोजून स्वर ओळखायचा. अडचण साध्या गणितात आहे. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला १२ मिलिसेकंद. खात्री करायला निदान दोन कंपनं बघायची म्हटली तर २४. तेवढ्या वेळात आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे हातातली गिटार आठ मीटर लांबच्या स्पीकरमधून ऐकत वाजवल्यासारखं. आणि सगळ्यात बारीक तारेला हेच काम सहा मिलिसेकंदांत होतं! मग सहा तारा एकदम छेडल्या की स्वर विस्कटून येणार. ‘मिडी स्लो आहे’ असं तेव्हापासून बोललं जातं, पण दोष बहुतांशी वायरचा नव्हता. वायरला एक निरोप न्यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. वेळ जायचा तो ओळखण्यात.

दुसरी अडचण वाकवण्याची. मिडीत स्वर वाकवायचा निरोप आहे, पण तो अख्ख्या चॅनेलला लागू होतो. एक तार ओढली की सगळ्याच तारांचे स्वर ओढले जाणार. म्हणून गिटारवाल्यांनी सहा तारांना सहा चॅनेल वाटून दिले. आपल्याकडच्या मींडेला हाच नियम नडतो, हे तुम्ही ओळखलंच असेल.

काहींनी वेगळी वाट धरली: स्वर ओळखायचाच कशाला, बोट कोणत्या पडद्यावर आहे ते बघा. इंग्लंडच्या सिंथअ‍ॅक्सने हेच केलं, १९८७च्या कॅसिओच्या प्लास्टिकच्या तारांच्या गिटारनेही. उशीर गेला, पण त्याबरोबर तारही गेली. उरलं ते गिटारच्या आकाराचं बटणांचं वाद्य. मला हे वाचताना आपला बेंजो आठवतो. बेंजो पार्टीतला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, मूळचा जपानी, १९१२च्या सुमाराचा ताइशोगोतो. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली. तारेला पट्टीची शिस्त लावायची कल्पना मिडीच्या सत्तर वर्षं आधीची आहे.

आता मांजरसुंब्याच्या चौकात या. धुळे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव, लग्नसराईत वराती काही कमी नसतात. गाडीवर कीबोर्ड दिसेल, ऑक्टोपॅड दिसेल, बेंजोही दिसेल. गिटारवरून सिंथेसायझर चालवणारा मला अजून दिसलेला नाही. पैसा हे कारण आहेच, पण तेवढंच नाही. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड १९८५चा, आठ पॅडचा. त्यात स्वतःचा आवाजच नव्हता! तो फक्त मिडीचे निरोप पाठवायचा, आवाज दुसऱ्या यंत्राचा. नंतरच्या पॅडमध्ये आवाज आत आले. काठी पडली, निरोप गेला: स्वर ओळखायचा नाही, वाकवायचा नाही. मिडीला हवा तसाच हात. म्हणून ठेकेवाला मिडीत सहज शिरला, तारवाला अडखळला.

पण ठेकेवाल्यालाही किंमत द्यावी लागली. ढोलकीचा घुमारा हाताच्या दाबाने घडतो, थाप पडल्यावर. पॅडवर तो आधीच साठवलेला येतो, दर वेळी तेवढाच. ज्याचा हात घुमाऱ्यासाठी नावाजलेला होता, त्या माणसाच्या कौशल्याला निरोपात जागाच नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं प्रकरण हे आहे आणि त्यावर मराठीत काम फारच थोडं आहे.

कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर एक सांगते. जुन्या यंत्रांची मॅन्युअल्स रद्दी समजू नका, ती प्राथमिक साधनं आहेत. वादक कसा असेल असं बनवणाऱ्याने गृहीत धरलं, ते त्यांतून कळतं. मग तेच मॅन्युअल घेऊन बेंजो पार्टीतल्या जुन्या माणसांकडे जा. पॅड पहिल्यांदा कधी आला, कर्ज काढून आला का, आल्यावर ढोलकीवाल्याची सुपारी किती उरली, हे विचारा. लवकर विचारा, कारण ढोलकी आणि पॅड दोन्ही वाजवलेली पिढी आता साठीच्या पुढे चाललीये.

आणि हो, २०१८ मध्ये मिडीत अधिकृत भर पडली. प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनेल, म्हणजे एक स्वर वाकवला तर बाकीचे जागेवर राहतात. गिटारवाले हेच जुगाड तीसेक वर्षं सहा तारांसाठी करत होते. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.