पाऊस पाइपात जाण्याआधी

१८५४च्या कॉलऱ्याने शिकागोला हादरवलं आणि पुढच्याच वर्षी शहराने एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरला गटारांचं काम दिलं. जमीन इतकी सपाट की उतारच मिळेना. चेसब्रोने गटारं रस्त्याच्या पातळीवर टाकली, त्यांवर भराव घातला. मग नव्या रस्त्यांच्या उंचीला आणण्यासाठी इमारती जॅक लावून उचलल्या गेल्या! एवढा खटाटोप करूनही पावसाचं पाणी आणि मैला एकाच पाइपातून जात राहिले. गटार नदीत, नदी मिशिगन सरोवरात आणि शहराचं पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून.

१९००मध्ये कालवा खणून नदीच उलटी वळवली. तरी मोठा पाऊस आला की पाइप तुंबून मैला नदीत यायचाच. म्हणून १९७५पासून जमिनीखाली ३०० फुटांपर्यंत खोल बोगदे खोदायला घेतले, एकूण सुमारे १७५ किलोमीटर. आमच्याकडे लोड वाढला की मोठा सर्व्हर घेतात, तसंच हे. लोड मुळात कुठून येतोय, हे नंतर कधीतरी बघायचं.

ते बघायचं काम २०१२मध्ये विद्यार्थ्यांकडे आलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, ‘कॅम्पस रेनवर्क्स चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू केली. आपल्या कॉलेजच्या आवारात पडणारा पाऊस तिथेच कसा जिरवाल, याचा आराखडा द्यायचा. पहिल्याच वर्षीच्या विजेत्यांत शिकागोचं इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी होतं. (हीही आयआयटीच, आपली नव्हे.)

अशा आराखड्यांत जादू नसते. खोलगट वाफा, रेती मिसळलेली माती, ओल आणि कोरड दोन्ही सोसणारी स्थानिक झाडं, आणि छताचं पाणी गटाराऐवजी त्यात. १,००० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की २५,००० लिटर पाणी होतं. ते सगळं एकदम आलं तर पाइप तुंबतो. वाफा सावकाश, काही तासांत जिरवतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की आराखड्यात देखभालीचाही विचार मागितला होता. वाफ्यात गाळ साचला की माती पाणी घेईनाशी होते, मग बागेचं डबकं होतं.

माझ्या कॉलेजातही पाणी जिरवायचा खड्डा होता. मी आलो तोवर त्यावर पेव्हर ब्लॉक बसले होते, उद्घाटनाची पाटी तेवढी शाबूत होती. चार वर्षं मी बाईक तिथेच लावली.