तात्पुरती सोय

सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत आमच्या भोकरदनची मंडळीही आहेत बरं का! तेव्हा गावाचं नाव होतं भोगवर्धन. माणसाचं नाव आणि गावाचं नाव, एवढा पत्ता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पुरत असे.

आंतरजालाचा मूळ बेतही साधाच होता. प्रत्येक यंत्राला जगात एकमेव क्रमांक, म्हणजे कुणीही कुणालाही थेट हाक मारावी. पण १९८१ साली ठरलेला क्रमांक ३२ बिटांचा, सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. नव्वदीच्या सुरुवातीलाच ते संपणार हे दिसू लागलं.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी टिपण मांडलं: आतले क्रमांक आत राहू द्या, वेशीवरच्या यंत्राने ते बदलून बाहेर पाठवावेत. यालाच नॅट म्हणतात. १९९४ मध्येच १९२.१६८ वगैरे गट खासगी वापरासाठी राखले गेले. म्हणून भोकरदनच्या घरातला आणि जालन्याच्या कचेरीतला राउटर, दोघेही १९२.१६८.१.१ असले तरी भांडण होत नाही.

राउटर करतो काय? मोबाईलने पाठवलेल्या चिठ्ठीवरचा घरातला पत्ता पुसून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक टाकतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर त्या पोर्टवर आलं की वही पाहून ज्याचं त्याला देतो. काही वेळ शांतता राहिली की नोंद खोडतो.

मेख इथेच आहे. आतून हाक गेली तरच नोंद होते. बाहेरून आपणहून आलेल्याला वहीत जागाच नाही. दोन टोकं थेट जोडणारा पत्ता यात हरवतो, हे त्या दोघांनी टिपणातच लिहिलं होतं. आणि उपाय थोड्या काळापुरता आहे, हेही!

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून झाले. मग अनेक इंटरनेट कंपन्यांनी आपल्याकडेच मोठा नॅट बसवला. आता कितीतरी घरं मिळून एकाच पत्त्यामागे. परिणाम काय? शेतातल्या विहिरीवरचा कॅमेरा पुण्यात बसून बघायचा, तर मध्ये परक्याचा सर्व्हर लागतो. ही जालनिशीही परक्याच्याच सर्व्हरवर आहे. आपण ग्राहक झालो, शेजारी राहिलो नाही.

१२८ बिटांचा आयपीव्ही६ नव्वदच्या दशकातच तयार झाला. भारतात मोबाईलवर तो बराच पसरलाय. असो. तुमच्या घरच्या राउटरमध्ये तो बंद असेल तर चालू करून बघा, आणि कळवा.