ऐकू येतंय का?

मागच्या महिन्यात आई पहिल्यांदाच आमच्या बँडचा कार्यक्रम ऐकायला आली होती. दोन तास पुढच्या टेबलावर बसून तिने सगळं मन लावून ऐकलं. घरी येताना गाडीत म्हणाली, "छान वाजवलंत रे सगळ्यांनी. पण तुझं यंत्र बंद पडलं होतं का?"

तर मंडळी, मी बेस गिटार वाजवतो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोड लिहितो (खरं तर मीटिंगा करतो) आणि शनिवारी रात्री चार मित्रांबरोबर कुणाच्या तरी रिसेप्शनला नाहीतर एखाद्या पबात वाजवतो. गेली बारा वर्षं हेच चाललंय. बेस गिटार म्हणजे ती चार जाड तारांची, लांब दांड्याची गिटार. फोटोत दिसते, पण ऐकू येत नाही असं बहुतेकांचं मत असतं. आईचंही तेच झालं.

आता योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी एक दीड लाखाचा नवा बेस इंटरनेटवर हेरून ठेवला होता. शिवाय दोन महिन्यांपूर्वी लिफ्ट नसलेल्या एका हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर स्पीकरचं कॅबिनेट चढवताना माझ्या कमरेने राजीनामा दिला होता. डॉक्टरांनी दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलंय. म्हणजे घ्यायचं काय, नवा बेस की हलका अँप? की सगळं विकून गप्प ऐकत बसायचं? अशा वेळी कुठलाही इंजिनियर जे करतो तेच मी केलं. निर्णय पुढे ढकलला आणि रात्री दोनपर्यंत इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की या वाद्याचा सगळा इतिहास दोनच तक्रारींचा आहे. एक, ऐकू येत नाही. दोन, उचलत नाही.

सुरुवात डबल बेसपासून. म्हणजे माणसाहून उंच असलेलं ते व्हायोलिनसारखं वाद्य. जुन्या जॅझ बँडमध्ये बेस म्हणजे हाच. अमेरिकेतले वादक प्रेमाने की वैतागाने त्याला 'डॉगहाउस' म्हणायचे, म्हणजे कुत्र्याचं खुराडं! ते गाडीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात बोटं सोलेपर्यंत वाजवायचं. तरी ऐकू येत नाही ते नाहीच. एव्हरेट हल नावाच्या एका बेसवादकाने १९४०च्या दशकात यावर उपाय काढला. डबल बेस ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीतच मायक्रोफोन बसवला. 'अँप्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढवणारी खुंटी. त्यावरूनच त्याच्या कंपनीचं नाव पडलं अँपेग. ही पहिल्या तक्रारीवरची तोड झाली. दुसरी मात्र तशीच टपावर बांधलेली राहिली.

ती सोडवली लिओ फेंडरने, आणि हा माणूस मला फार जवळचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण हिशेबनिशीचं. आणि गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती! गिटारच्या जगात क्रांती करणाऱ्याला गिटार येत नाही, म्हणजे आपल्या धंद्यात सॉफ्टवेअर कधीच न वापरता लिहिणारे असतात तसंच :) फरक इतकाच, की लिओ वापरणाऱ्यांचं ऐकून घ्यायचा. वादक दुकानात येऊन तक्रारी करायचे, हा त्यांना नमुने देऊन वाजवून बघायला सांगायचा, मोडलं की दुरुस्त करायचा.

१९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' आणला. आत पोकळी नसलेलं भरीव लाकूड, त्याला चार स्क्रूंनी जोडलेली मान, तारेखाली एक पिकअप. डबल बेसची तार साधारण ४१-४२ इंच लांब असते, याची ३४ इंच. गळ्यात पट्टा अडकवायचा आणि निघायचं. नाव 'प्रिसिजन' कशामुळे? तर मानेवरच्या पट्ट्यांमुळे, म्हणजे फ्रेट्समुळे. डबल बेसला फ्रेट नसतात. बोट जरा सरकलं की सूर गेला. इथे दोन फ्रेट्सच्या मध्ये कुठेही दाबा, सूर नेमका लागतो. त्यामुळे गिटार येणाऱ्या माणसालाही बेसची सुपारी घेता येऊ लागली. स्क्रूवाली मान तर मला आपल्या मोड्युलर डिझाइनची आजीच वाटते. खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा. १९५७ साली त्याचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला आणि तेव्हापासून हे डिझाइन जवळजवळ तसंच आहे.

सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३०च्या दशकातच असा फ्रेटवाला, भरीव लाकडाचा विजेचा बेस बनवला होता. तो चालला नाही. माझ्या मते, नुसतं वाद्य असून भागत नाही. त्याच्यामागे दणकट अँप लागतो आणि तो पोचवणारा कारखाना लागतो. लिओला हे कळलेलं असावं, कारण पाठोपाठ १९५२ साली त्याने बेससाठी खास 'बासमन' अँप काढला.

या बासमनची पुढची कथा ऐकून कुठल्याही बेसवादकाला हसावं की रडावं कळणार नाही. पंधरा इंची एका स्पीकरऐवजी पुढे त्यात दहा इंची चार आले, आणि गिटारवाल्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो पळवलाच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात जो पहिला मार्शल अँप तयार झाला, त्याचं सर्किट बासमनवरूनच घेतलेलं. म्हणजे रॉक गिटारचा तो जगप्रसिद्ध कडक आवाज मुळात आमच्या अँपमधून आला. श्रेय कुणाला? असो.

मग सुरू झाली वॅटची शर्यत. अँपेगने १९६० साली बी-१५ आणला. २५ वॅट, आणि वरचा भाग उलटा करून कॅबिनेटच्या पोटात झाकून ठेवायची सोय. किती विचार केलाय न्यायच्या-आणायच्या त्रासाचा! पण मैफली हॉलमधून मैदानात गेल्या, आणि १९६९ साली त्याच कंपनीने एसव्हीटी काढला. ३०० वॅट, १४ व्हॅक्यूम ट्यूब. रोलिंग स्टोन्सनी त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर तो वापरला. ऐकू येण्याचा प्रश्न कायमचा मिटला. पण नुसत्या हेडचंच वजन ३५-४० किलो, आणि खाली आठ स्पीकरचं कपाट वेगळं. म्हणजे लिओने टपावरून उतरवलेलं खुराडं अठरा वर्षांत दुसऱ्या रूपात परत टपावर! माझ्या कमरेला हा इतिहास तोंडपाठ आहे.

आता ज्या माणसासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. जेम्स जेमर्सन. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची १९६०च्या दशकातली गाणी जगभर गाजली, त्यातल्या बहुतेकांच्या तळाशी याचा बेस आहे. मूळचा डबल बेसवाला. त्याचं सामान काय होतं? १९६२चा एक प्रिसिजन बेस. जाड, गुळगुळीत तारा, त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या. कळकट तारांतच खरी मजा आहे असं त्याचं म्हणणं. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचं एकच बोट. आणि स्टुडिओत पाठीमागे एसव्हीटीचं कपाट वगैरे काही नाही, बेसची केबल थेट मिक्सरकडे. मी महिन्याला तारा बदलतो, दोन बोटांनी वाजवतो, आणि पायाशी सहा पेडल आहेत. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत बसलो.

पण त्याची गोष्ट इथे संपत नाही. त्या तबकड्यांवर वादकांची नावंच नसायची. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती नीट छापली गेली. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमर्सनही पाठोपाठ गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. १९८३च्या मार्चमध्ये मोटाऊनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. जेमर्सनला बोलावणं नव्हतं. तो स्वतः तिकीट काढून बाल्कनीत बसला आणि खाली रंगमंचावर स्वतःचीच गाणी ऐकत राहिला. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. वय ४७. जाण्याच्या काही दिवस आधी तो १९६२चा बेसही चोरीला गेला होता.

आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. पंचमदांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस आपण लहानपणापासून ऐकतोय, पण कॅसेटच्या कव्हरवर त्यांचं नाव वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून माझा हिशेब असा झाला. सामानाचं काम दोनच तक्रारी मिटवण्याचं: ऐकू यावं आणि उचलता यावं. आजचे क्लास-डी अँप दोन-तीन किलोत पाचशे वॅट देतात, हलक्या निओडिमियम स्पीकरचं कॅबिनेट एका हाताने उचलता येतं. दोन्ही मिटल्या! त्याच्यापुढे जे काही उरतं ते बोटात असतं, आणि ते दीड लाखात मिळत नाही. नवा बेस रद्द. हलका अँप घेतला, आणि तारा यंदा बदलणार नाही.

राहिली आई. गेल्या रविवारी तिला आमच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ऐकवलं. मध्येच, काही न सांगता, बेसचा ट्रॅक बंद केला. ती भाजी निवडत होती. हात थांबला. "अरे, काय झालं? सगळं पोकळ पोकळ वाटतंय."

मी ट्रॅक परत चालू केला.

"हां, आता बेस वाटतंय," ती म्हणाली आणि गवार मोडायला लागली. आमच्या गावाकडे चांगल्याला 'बेस'च म्हणतात. तिला विनोद कळला नाही, आणि मीही समजावत बसलो नाही.