मोरणेकाठचे दगड

शिराळ्यात मोरणा नदीच्या पात्रात उतरलं की माझ्या मुलांचे खिसे जड होतात. घरी पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे करून आम्ही ते दगड मांडतो आणि प्रत्येकाला जागा-तारखेची चिठ्ठी लावतो. चिठ्ठीशिवाय दगड खोक्यात जात नाही, हा नियम मी कडक पाळते.

त्या दगडांतला काळा बसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या भरल्या. भिंगातून पाहिलं की काळ्या दगडातल्या पांढऱ्या ठिपक्यांत बारीक सुया दिसतात. हे झिओलाइट. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात सुरुंग लावून रेल्वेमार्ग खोदला, तेव्हा असे स्फटिक निघाले आणि पार परदेशी संग्रहालयांत पोचले. त्याच कामावर पटकीने आणि अपघातांत हजारो मजूर दगावले. मुलांना मी हेही सांगते. नुसती चकाकी दाखवणं मला पटत नाही.

आता आपल्याकडेही सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे. पोरांना एकदा न्यायचंच आहे.

आमच्या खोक्यातला जांभ्या दगडाचा लाल तुकडा मात्र नदीतला नाही, एका पडक्या बांधावरचा. पण चांदोलीच्या राखीव जंगलातून आम्ही खडासुद्धा उचलत नाही.