वऱ्हाडचे कागद आणि तुर्की भाषेच्या दोन शाखा

१९९८ सालीं अकोल्यापासून निराळा झालेला वाशीम जिल्हा कागदपत्रांच्या दृष्टीनें मुळींच नवा नव्हे. ऐने अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत ‘बाशिम’ हें एक सरकार दिलेलें आहे. या मुलुखाचे फारशी व मोडी कागद वाचणारास कुमक, चकमक, तोपची, बेगम, किलीच असे शब्द भेटतात. ते मूळचे अरबीही नव्हेत व फारशीही नव्हेत. ते तुर्की वळणाचे आहेत. तेव्हां तुर्की कोश उघडावा, हा मार्ग सरळ दिसतो. परंतु रेडहौसचा १८९० चा प्रसिद्ध कोश इस्तंबूलच्या तुर्कीचा आहे. वऱ्हाडांत जी तुर्की आली ती तीच काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

१५९६ सालीं चांदबिबीनें वऱ्हाड मोगलांस दिलें. मोगलांची घरची भाषा चगताई तुर्की होती. बाबर अंदिजानचा, त्यानें आत्मचरित्र याच भाषेंत लिहिलें व अब्दुर्रहीम खानखानान यानें १५८९ सालीं त्याचें फारशी भाषांतर अकबरास सादर केलें. पुढें १६८७ त गोवळकोंड्याच्या वेढ्यांत मेलेला ख्वाजा आबिद ऊर्फ किलीच खान हा समरकंदकडील होता. त्याचा नातू चिन किलीच खान, म्हणजेच निजामुल्मुल्क. १७२४ सालीं वाशीमच्या शेजारीं साखरखेर्ड्यास मुबारिजखानास मारून त्यानें दक्षिणेंत आपला पाया घट्ट केला. या तुराणी मंडळींच्या चगताईची आजची लेक म्हणजे उझबेक भाषा.

यावर आक्षेप येईल कीं, मुलूखमैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगरास ओतणारा महंमद बिन हसन हा रूमी होता, आणि कुतुबशाही घराणें तुर्कमान होतें. आक्षेप खरा आहे. दक्षिणेंत दोन्ही शाखा आल्या. म्हणूनच तुर्की जाणणाऱ्या अभ्यासकानें उझबेककडे कसें वळावें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

भेद पुष्कळसे नियमबद्ध आहेत. तुर्कीच्या आरंभींचा ‘द’ उझबेकींत बहुधा ‘त’ होतो : दाग, तोग (डोंगर), दिल, तिल (जीभ), देमिर, तेमिर (लोखंड). तैमूर या नांवाचा अर्थ येथेंच उलगडतो. ‘ग’चा ‘क’ होतो : गोझ, कोझ (डोळा). तुर्की ‘वेर’ (दे) व ‘वार’ (आहे) यांचे ‘बेर’ व ‘बोर’ होतात. प्रत्ययारंभींचा ‘ग’ तुर्कीनें गाळला, उझबेकनें राखला : गेलेन, केल्गान (आलेला). ‘ताश’चा ‘तोश’ (दगड) होतो. मात्र जुन्या लिपींत दोहोंकडे अलिफच असल्यामुळें पोथी वाचणारास हा भेद दिसत नाहीं. तुर्कींत धंदेवाचक ‘ची’ स्वराप्रमाणें बदलतो, म्हणून ‘तोपचु’. उझबेकींत तो एकच राहतो, म्हणून ‘तोपची’. आमचा मराठी तोपची व मशालची या बाबतींत उझबेकच्या पंक्तीस बसतो.

खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा आहे. तुर्की ‘दुशुन्मेक’ म्हणजे विचार करणें, पण उझबेक ‘तुशुन्मोक’ म्हणजे समजणें. तुर्कींत ‘चाकमाक’ ही आग पाडण्याची वस्तु. उझबेकींत ‘चाकमोक’ म्हणजे वीजही. मराठींत चकमक म्हणजे गारगोटी, आणि लढाईही. तसेंच ‘किलीच’ म्हणजे तलवार व ‘कुल’ म्हणजे दास. फारशी लिपींत पहिला ऱ्हस्व स्वर लिहीत नाहींत. म्हणून किलीचखान व कुलीखान यांत एका ‘च’चें अंतर उरतें. तो ‘च’ लेखकाच्या घाईंत निसटला, तर तलवारीचा दास होतो आणि एका माणसाचीं कामें दुसऱ्याच्या नांवावर चढतात.

एक सावधगिरी मात्र हवी. यांतील बरेच शब्द फारशींतून आपल्याकडे आले. म्हणून एकट्या शब्दावरून घराण्याचें मूळ ठरवूं नये. शब्द, नांव, हुद्दा व साल यांचा मेळ बसला तरच अनुमान धरावें. रेडहौसच्या जोडीस पावे द कुर्तेय याचा १८७० चा चगताई कोश ठेवावा, आणि बेव्हरिजबाईंनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केलेली बाबरनाम्याच्या हैदराबादप्रतीची छायाप्रत पहावी. ती प्रत सालारजंगांच्या संग्रहांतली. म्हणजे ज्या निजामाच्या राज्यांत वाशीम होतें, त्याच्याच राजधानींत जपलेली. उझबेकची वाट समरकंदाहून शोधण्याचें कारण नाहीं. ती आपल्या दारावरूनच गेली आहे.