मँचेस्टर युनायटेडचा ऱ्हास : दोष कोणाचा?

इंग्लंडातील मँचेस्टर हे नगर आपल्या आजोबा-पणजोबांस ठाऊक होते ते तेथील गिरण्यांच्या कापडामुळे. आपल्या मुलांस ते ठाऊक आहे फुटबॉलमुळे. तेथील मँचेस्टर युनायटेड या व्यावसायिक संघाने २९ मे १९६८ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर पोर्तुगालच्या बेन्फिका संघास ४-१ असे नमवून युरोपियन चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो इंग्लंडमधील पहिलाच संघ. पुढे सहा वर्षे पुरी होण्याच्या आत, एप्रिल १९७४ मध्ये, तोच संघ पहिल्या श्रेणीतून घसरून दुसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. एवढ्या उंचीवरून इतक्या लवकर झालेले पतन खेळाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. त्याचा दोष कोणाच्या पदरी घालावा, याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. विषय खेळाचा असला तरी प्रश्न इतिहासाचा आहे आणि मराठी माणसास तो अपरिचित नाही. पानिपताचे खापर कोणी भाऊसाहेबांच्या, कोणी मल्हाररावांच्या, तर कोणी पुण्यात बसलेल्या नानासाहेबांच्या माथी फोडीत आपण अडीचशे वर्षे काढलीच आहेत.

लोककथेने युनायटेडचा गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला आहे. त्याचे नाव डेनिस लॉ. हा स्कॉटिश खेळाडू अकरा वर्षे युनायटेडकडून खेळला, त्याने या संघासाठी २३७ गोल केले आणि प्रेक्षकांनी त्यास राजा म्हणून डोक्यावर घेतले. १९७३ साली संघाने त्यास मोकळे केले आणि तो त्याच शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटीकडे गेला. २७ एप्रिल १९७४ रोजी युनायटेडच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर उभय संघांचा सामना झाला. सामना संपण्यास नऊ मिनिटे उरली असता लॉने पाठमोऱ्या अवस्थेत टाचेने चेंडू मारला आणि तो जाळ्यात गेला. त्याने आनंद दर्शविला नाही. मान खाली घालून तो मैदानाबाहेर पडला. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना तेथेच थांबवावा लागला, पण १-० हा निकाल कायम धरण्यात आला. तेव्हापासून ‘लॉने आपल्याच जुन्या घरास आग लावली’ ही कथा सांगितली जात आहे.

कथा म्हणून ती उत्तम आहे. हिशेब म्हणून ती टिकत नाही. त्या काळी विजयास दोन गुण मिळत. या सामन्यापूर्वी युनायटेडचे ३२ गुण होते व दोनच सामने शिल्लक होते. दोन्ही जिंकले असते तरी बेरीज ३६ झाली असती. त्याच दिवशी बर्मिंगहॅम सिटीने आपला सामना जिंकून ३७ गुण गाठले. म्हणजे लॉची टाच चेंडूस लागली नसती तरीही युनायटेड बुडालेच होते. २२ संघांत ते २१ वे आले. खाली जाणाऱ्या संघांची संख्या त्याच वर्षी दोनांवरून तीन झाली होती, पण जुन्या नियमानेही त्यांची सुटका नव्हती. सबंध हंगामातील ४२ सामन्यांत त्यांचे गोल झाले अवघे ३८. मध्यंतरी पेनल्टी मारण्याचे काम गोलरक्षक अॅलेक्स स्टेपनीकडे सोपविले गेले आणि दोन गोल करून तो काही काळ संघातील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला! ज्या संघाचा द्वारपालच असा आघाडीचा वीर ठरतो, त्याच्या दुर्दशेसाठी प्रतिस्पर्ध्याची एक टाच कारण म्हणून दाखविणे, हे आम्हांस आळशी इतिहासलेखन वाटते.

कारण शोधावयाचे तर मागे गेले पाहिजे आणि मागे जाताच प्रत्येक वाटेवर एकच व्यक्ती उभी दिसते : सर मॅट बझ्बी. हे गृहस्थ १९४५ साली युनायटेडचे मॅनेजर झाले तेव्हा ओल्ड ट्रॅफर्ड बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते आणि संघ १९४९ पर्यंत सिटीच्या मैदानावर उसना खेळत होता. बझ्बींनी विकत घेतलेल्या तारांकित खेळाडूंपेक्षा स्वतः वाढविलेल्या मुलांवर भरवसा ठेवला. तरुणांचा ‘यूथ कप’ १९५२-५३ च्या हंगामात सुरू झाला आणि पहिली पाचही वर्षे तो युनायटेडनेच जिंकला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे त्यांचे विमान उड्डाण करताना कोसळले. २३ माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू. बझ्बी स्वतः मृत्यूच्या दारातून परत आले आणि दहा वर्षांत दुसरा संघ उभारून त्यांनी युरोपियन चषक आणला. त्या अंतिम सामन्यात खेळलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स हे म्युनिकच्या बर्फातून वाचलेले होते. हे सर्व लक्षात घेतल्यावर बझ्बींवर दोष ठेवण्यास लेखणी कचरते, हे खरे. तथापि ती कचरते म्हणूनच इतक्या जणांनी दुसऱ्यांची नावे घेतली असावीत, असे आमचे मत आहे.

१९६८ च्या त्या विजयी रात्रीकडे जरा थंड डोक्याने पाहावे. फोक्स ३६ वर्षांचा, ब्रेनन ३१ चा, चार्ल्टन ३० चा, क्रेरँड २९ चा. नॉबी स्टाइल्सचे वय कमी, पण गुडघे दुखरे. लॉ तर गुडघ्याच्या दुखण्याने अंतिम सामन्यास मुकलाच होता. इप्सित साध्य झाले होते आणि ते साध्य करणारी माणसे थकली होती. अशा वेळी संघाची पुनर्घडण करावयाची असते. परंतु त्या विजयानंतरच्या तीन वर्षांत बझ्बींच्या संघाने नाव घेण्याजोगे दोनच खेळाडू विकत घेतले : १९६८ मध्ये विली मॉर्गन आणि १९६९ मध्ये इयान यूर. विकत घेणे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते असे म्हणावे, तर घरचे पीकही आटले होते. यूथ कप १९५७ नंतर त्यांस १९६४ साली एकदा मिळाला; त्यानंतरचा मिळाला १९९२ मध्ये. १९६८-६९ च्या हंगामात युरोपचा विजेता संघ स्वदेशातील स्पर्धेत अकरावा आला. घसरण सुरू झाली ती येथे, बझ्बी स्वतः खुर्चीत असताना. कौतुकाच्या गजरात ती कोणास ऐकू गेली नाही, एवढेच.

जानेवारी १९६९ मध्ये बझ्बींनी निवृत्ती जाहीर केली. येथे गोष्ट मनोरंजक होते. सरकारी नोकरीत चार्ज दिल्याच्या कागदावर सही झाली की जुन्या अधिकाऱ्याने निघून जावयाचे असते. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी असे कागद दिले-घेतले असतील. युनायटेडमध्ये बझ्बी निवृत्त झाले आणि त्याच कचेरीत ‘जनरल मॅनेजर’ झाले. संघाची जबाबदारी आली विल्फ मॅक्गिनेस या ३१ वर्षांच्या तरुणाकडे आणि त्याचे पदनाम ठरले ‘प्रमुख प्रशिक्षक’. मॅनेजर ही पदवीदेखील त्यास प्रारंभी दिली गेली नाही. पाय मोडल्यामुळे ऐन उमेदीत खेळास मुकलेला हा मनुष्य ज्यांच्याबरोबर मुलगा म्हणून वाढला, त्यांनाच त्याने आता हुकूम सोडावयाचे होते. चार्ल्टनपेक्षा तो दोन आठवड्यांनी लहान होता. पहिल्याच हंगामाच्या आरंभी त्याने चार्ल्टन आणि लॉ या दोघांना वगळण्याचे धाडस केले. परंतु खेळाडूंना नवा साहेब रुचला नाही की वरच्या खोलीत जुना साहेब बसलेला असेच. ते त्याच्याकडे गाऱ्हाणी नेत, हे पुढे अनेकांनी सांगितले आहे. पहिल्या वर्षी मॅक्गिनेसचा संघ आठवा आला आणि दोन चषकांच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. ही कामगिरी बझ्बींच्या शेवटच्या वर्षापेक्षा वाईट नव्हती. डिसेंबर १९७० मध्ये लीग चषकाच्या उपांत्य फेरीत तिसऱ्या श्रेणीतील अॅस्टन व्हिलाकडून हार पत्करावी लागली आणि त्यास दूर करण्यात आले. त्याच्या जागी उरलेल्या हंगामापुरते कोण आले? बझ्बीच.

जून १९७१ मध्ये लेस्टर सिटीहून फ्रँक ओ’फॅरेल आले. हे आयरिश गृहस्थ शांत आणि सभ्य. ते रुजू झाले तेव्हा मॅनेजरच्या खोलीत बझ्बींचाच मुक्काम होता आणि ती खोली त्यांना मागून घ्यावी लागली, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. बझ्बी त्याच इमारतीतील दुसऱ्या खोलीत गेले आणि संचालक मंडळात दाखल झाले. म्हणजे नव्या मॅनेजरचे मूल्यमापन करणाऱ्यांत जुना मॅनेजर! डिसेंबर १९७१ मध्ये ओ’फॅरेल यांचा संघ गुणतक्त्यात सर्वांच्या वर होता. वर्ष बदलले आणि ओळीने सात साखळी सामने हरून तो अखेर आठव्या स्थानी आला. येथे ओ’फॅरेल यांचाही काही दोष आहेच. त्यांनी मार्टिन बुकनसारखा उत्कृष्ट बचावपटू आणला, पण टेड मॅक्डूगलवर केलेला खर्च फळास आला नाही. आणि खेळाडूंपासून ते फार अंतर राखून असत, ही तक्रारही अगदी निराधार दिसत नाही. तरी अठरा महिन्यांत जीर्ण घराची पुनर्बांधणी करा आणि ती करताना एकही जुना खांब हलवू नका, ही अट कोणास पाळता आली असती?

याच काळात जॉर्ज बेस्ट प्रकरण चिघळले. बेलफास्टचा हा विलक्षण खेळाडू १९६८ पासून १९७२ पर्यंतच्या पाचही हंगामांत साखळी सामन्यांत संघाचा सर्वाधिक गोल करणारा होता आणि त्याच वेळी सरावास दांडी मारणे, बेपत्ता होणे, निवृत्ती जाहीर करून परत येणे हे प्रकार चालू होते. वृत्तपत्रांना तो आयता अपराधी मिळाला. आम्ही त्याच्या मद्यपानाचे समर्थन करीत नाही. पण तो एकटाच उमलत्या वयाचा होता आणि भोवतालचे सगळे सुकत चालले होते, हे विसरता येत नाही. शिवाय त्यास वेळीच आवरणे ज्यांना शक्य होते, त्या वडीलधाऱ्यांनी त्याचे लाड केले आणि ज्यांना तो आवरावयास सांगितला, त्यांचा धाक त्यास नव्हता. १६ डिसेंबर १९७२ रोजी क्रिस्टल पॅलेसकडून संघ ५-० असा हरला. तीन दिवसांनी ओ’फॅरेल यांची हकालपट्टी झाली. बेस्टचे निवृत्तीचे पत्रही त्याच दिवशी लोकांपुढे आले. तो पुन्हा परतला, पण युनायटेडसाठी शेवटचा खेळला तो १ जानेवारी १९७४ रोजी.

संचालक मंडळाविषयी थोडे बोलले पाहिजे. त्याचे अध्यक्ष लुई एडवर्ड्‌स हे मांसाचे व्यापारी. १९५८ मध्ये ते मंडळात आले आणि १९६५ मध्ये अध्यक्ष झाले. दोन वर्षांत दोन मॅनेजर काढणाऱ्या या मंडळाने संघ म्हातारा होत असताना काय केले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. बझ्बींच्या शब्दाबाहेर जावयाचे नाही, एवढेच त्यांचे धोरण दिसते. आम्ही दोषाची वाटणी करावयास बसलो तर मोठा वाटा बझ्बींचा आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या या मंडळाचा, असे म्हणू.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. बझ्बींनी सत्तेचा लोभ धरला असे दिसत नाही. म्युनिकहून जिवंत परतलेल्या मनुष्यास आपल्या हयात खेळाडूंना ‘तुम्ही आता जुने झालात’ असे सांगणे जड गेले असेल, तर त्यास निष्ठुर इतिहासकारच नावे ठेवील. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण मायेने केलेल्या दिरंगाईचे मोल कोणास मोजावे लागले? ज्यांच्यावर ती माया नव्हती त्यांस. मॅक्गिनेस ग्रीसमध्ये प्रशिक्षक म्हणून गेला आणि युनायटेडचा ऱ्हास म्हटले की त्याचे नाव पुढे येऊ लागले. तो ज्या पायरीवर उभा होता ती आधीच निखळलेली होती, हे कोणी बोलेना. पुढे २०१३ मध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन हे अजिंक्यपद मिळवून निवृत्त झाले, मंडळावर राहिले आणि त्यांचे वारस डेव्हिड मॉइस यांना दहा महिन्यांत जावे लागले, तेव्हा इंग्लंडमधील जाणत्यांना १९६९ ची आठवण झाली ती उगाच नव्हे.

राहता राहिले टॉमी डॉकर्टी. डिसेंबर १९७२ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी सोडून ते आले. संघ बुडाला तो त्यांच्या हाती, म्हणून त्यांचे नाव दोषींच्या यादीत पहिले असावयास हवे. लॉला मोकळे करणारे तेच. चार्ल्टननेही १९७३ मध्ये निरोप घेतला आणि बेस्टही त्यांच्याच काळात गेला. म्हणजे जे काम १९६८ मध्ये व्हावयास हवे होते, ते पाच वर्षे उशिरा आणि त्यामुळे निर्दयपणे झाले. विशेष हे की, या वेळी मंडळाने मॅनेजरास काढले नाही. आधीच्या दोघांना संघ पहिल्या श्रेणीत असतानाच घरी पाठविणाऱ्यांनी, प्रत्यक्ष बुडविणाऱ्यास ठेवून घेतले. दुसऱ्या श्रेणीत असूनही १९७४-७५ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरील प्रेक्षकांची सरासरी साऱ्या इंग्लंडमध्ये सर्वांत मोठी होती. डॉकर्टींच्या तरुण संघाने ती श्रेणी त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाने जिंकली आणि १९७७ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफ. ए. चषक आणला. साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मात्र १९६७ नंतर थेट १९९३ साली मिळाले. ते पाहावयास बझ्बी हयात होते; त्यांचे निधन झाले जानेवारी १९९४ मध्ये.